न्यूरोफीडबॅकच्या आधीची पंधरा मिनिटं: ईईजीचा सिग्नल स्वच्छ कसा घ्यायचा

न्यूरोफीडबॅक म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूच्या विद्युत लहरी (ईईजी) मोजायच्या आणि हवी ती लहर वाढली की आवाजाने किंवा पडद्यावरच्या खेळाने बक्षीस देत मेंदूला वळण लावायचं. पण त्याच्या सॉफ्टवेअरला मेंदू ओळखता येत नाही. वायरीतून जे येईल त्यात वारंवारतेच्या ठरलेल्या पट्ट्याची ताकद किती आहे ते मोजायचं आणि आकडा उंबरठ्यापलीकडे गेला की 'टिंग' वाजवायचं, एवढंच त्याला जमतं. तो आकडा मेंदूने वाढवला, आवळलेल्या जबड्याने वाढवला की हललेल्या वायरीने, याचं त्याला सोयरसुतक नसतं. ते बघायचं काम तुमचं.

डोक्याच्या त्वचेवर मिळणारा ईईजी साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. ईसीजी छातीवर सुमारे १ मिलीव्होल्ट, म्हणजे १००० मायक्रोव्होल्ट भरतो. पापणी लवली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर सहज १०० ते २०० मायक्रोव्होल्टचा डोंगर उभा राहतो आणि दात आवळले तर कानशिलावर त्याहूनही जास्त. तुम्हाला हवा असलेला पट्टा, समजा १२ ते १५ हर्ट्झचा एसएमआर (सेन्सरीमोटर ऱ्हिदम), अनेकदा पाच-सहा मायक्रोव्होल्टच्या घरात असतो. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची, तसलाच हा प्रकार.

एकाग्रतेसाठी थीटा (संथ लहरी) कमी आणि बीटा (वेगवान लहरी) जास्त करण्याचं प्रशिक्षण बऱ्याच मुलांना देतात. पापणीची हालचाल थीटात मिसळते आणि स्नायूंचा ताण बीटात. म्हणजे मुलाने पापणी लववली की गुण जातात, दात आवळले की गुण मिळतात. चार सत्रांत पोरगं टक लावून, दातओठ खात बसायला पक्कं शिकतं, स्क्रीनवरचा आलेखही सुंदर चढतो आणि आईबाबा खूश. मेंदूचा यात काही संबंध नसतो.

या लेखात सुरुवातीला सोपी असणारी एका चॅनेलची मांडणी धरली आहे. सक्रिय इलेक्ट्रोड माथ्याच्या मध्यबिंदूवर, म्हणजे सीझेडला, ज्याच्याशी तुलना करायची तो संदर्भ म्हणजे रेफरन्स डाव्या कानाच्या पाळीला (ए१) आणि ग्राउंड उजव्या पाळीला (ए२). १२ ते १५ हर्ट्झ वाढवायचा, ४ ते ८ आणि २० ते ३० हर्ट्झ खाली ठेवायचा. बॅरी स्टरमन यांनी १९६० च्या दशकात मांजरांवर जे काम केलं, त्यातून आलेला हा जुना आणि साधा प्रोटोकॉल. अपस्माराचा इतिहास असेल किंवा त्याची औषधं चालू असतील, तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

सामान

ईईजीसाठी बनवलेला अँप्लिफायर, एक कप इलेक्ट्रोड, दोन कानाच्या क्लिपा, त्वचा घासायची जेल (न्यूप्रेप सगळीकडे चालते), चिकट वाहक पेस्ट (टेन-ट्वेंटी), कापसाच्या काड्या, गॉज, सर्जिकल स्पिरिट, शिंप्याची टेप, खूण करायला पुसली जाणारी मऊ पेन्सिल आणि कागदी चिकटपट्टी.

तिन्ही इलेक्ट्रोड एकाच धातूचे हवेत. एक सोन्याच्या मुलाम्याचा आणि एक सिल्व्हर-क्लोराइडचा, अशी जोडी लावू नका. धातू आणि पेस्ट यांच्या सीमेवर एक छोटासा बॅटरीसारखा दाब तयार होतो आणि तो धातूप्रमाणे बदलतो. दोन धातू वेगळे असले की तो फरक मिलीव्होल्टमध्ये मोजावा लागतो आणि लहर पडद्यावर वरखाली सरकत राहते. एकाच धातूचे पण एक कोराकरकरीत आणि एक दोन वर्षं वापरून मुलामा उडालेला, अशी जोडीही जवळपास तितकीच वाईट.

तेल

आपल्याकडचा पहिला शत्रू खोबरेल. आदल्या रात्री शांपूने केस धुवून यायला सांगा, कंडिशनर नको, जेल नको, आणि सकाळी 'थोडंसंच' तेलही नको. निरोप पाठवताना हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहा, कारण थोडंसं तेल हे तेल समजलं जात नाही. कानातलं आल्यावर काढायला सांगा. पाळीला कुडी किंवा डूल असेल तर क्लिप नीट बसत नाही आणि धातूला धातू लागला तर तिथे नवीनच खेळ सुरू होतो.

तेल लावून आलेच तर सत्र रद्द करायची गरज नाही. भांग पाडून तेवढी जागा स्पिरिटच्या गॉजने दोन-तीनदा पुसा, दरवेळी गॉज बदला आणि जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या स्पिरिटवर घासायची जेल लावली तर चरचरतं, आणि लहान मूल असेल तर ते पुढच्या वेळी डोक्याला हात लावू देत नाही.

मोजमाप

'साधारण मधोमध' हे माप नव्हे. ठिकाणं ठरवायची १०-२० पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडली, आणि ती टक्केवारीवर चालते म्हणूनच लहान-मोठ्या सगळ्या डोक्यांना लागू पडते.

टेपचं एक टोक नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधल्या खळग्यात. दुसरं डोक्याच्या मागे, मान संपते तिथे हाडाचं जे टेंगूळ लागतं त्यावर. समजा हे अंतर ३६ सेंटीमीटर आलं, तर १८ वर आडवी खूण करा. आता कानासमोरचा खळगा शोधा. तोंड उघडायला सांगितलं की बोटाखाली तो खोल जातो. डाव्या खळग्यापासून माथ्यावरच्या त्या खुणेवरून उजव्या खळग्यापर्यंत मोजा. ३५ आलं तर १७.५ वर उभी खूण. दोन रेघा जिथे छेदतात ते सीझेड. पुढे कधी सी४ हवं असेल तर याच आडव्या रेघेवर उजवीकडे ३५ चे २० टक्के, म्हणजे ७ सेंटीमीटर. मापं क्लायंटच्या पानावर लिहून ठेवा. मोठ्या माणसाचं डोकं वाढत नाही, पण दर वेळी दीड सेंटीमीटर इकडेतिकडे बसलेला इलेक्ट्रोड दर वेळी वेगळे आकडे देतो आणि तुम्ही त्याला 'प्रगती' म्हणता.

त्वचा तयार करणं

वीज अडवते ती त्वचेवरची मृत पेशींची पापुद्र्यासारखी थर. ती घालवायची असते, कातडी सोलायची नसते.

काडीच्या टोकाने केस दोन बाजूंना करून खुणेवर टाळूची पांढरी त्वचा दिसेल असा भांग पाडा. कापसाच्या काडीवर मसूरडाळीएवढी जेल घ्या आणि नाण्यापेक्षा लहान जागेवर, मध्यम दाबाने, एकाच दिशेत पंधरा-वीस वेळा घासा. त्वचा किंचित गुलाबी झाली की थांबा. लाल झाली, ओलसर दिसली तर जास्त झालं. जखम, पुरळ किंवा कोंड्याच्या खपल्या असतील तिथे घासूच नका. नंतर जेल पुसून काढा, कारण तिचे कण पेस्टखाली राहिले की पेस्ट धरत नाही. नवशिके माथ्यावर भरपूर मेहनत घेतात आणि कानाच्या पाळीवर एकदा काडी फिरवून मोकळे होतात. पाळी दोन्ही बाजूंनी तेवढ्याच मनापासून घासायची आहे. एका चॅनेलचा ईईजी म्हणजे सीझेड वजा ए१. कानाचा संपर्क खराब असला तर ती घाण सीझेडच्या नावावर जमा होते.

बसवणं

कप पेस्टने भरा, काठापेक्षा थोडी वर आलेली, वाटाण्याच्या आकाराची. त्वचेवरही तांदळाच्या दाण्याएवढी लावा. कप ठेवून हलका दाब द्या आणि किंचित फिरवा म्हणजे खालची हवा निघेल. काठातून पेस्ट जराशी बाहेर आली तर चालेल, दोन बोटं लांब पसरली तर नाही. पेस्ट जेवढी पसरते तेवढा तुमचा इलेक्ट्रोड 'मोठा' होतो, आणि अनेक चॅनेल लावले असतील तर शेजारच्या दोघांची पेस्ट एकमेकींना भेटते. मग दोघांत फरकच उरत नाही आणि त्या जोडीची लहर संशय यावा इतकी सपाट व शांत दिसते. वरून गॉजचा छोटा चौकोन दाबला की पेस्ट लवकर सुकत नाही.

वायरी मागे वळवून, एकत्र पीळ देऊन किंवा वेणी घालून खांद्यावर कपड्याला चिकटवा. कपापासून थोडी ढील सोडा, नाहीतर मान वळवली की कप ओढला जातो.

इम्पिडन्स: आकडा लहान हवा, पण दोन्हीकडे सारखा असणं जास्त महत्त्वाचं

संपर्काचा अडथळा अँप्लिफायरमधल्या इम्पिडन्स चाचणीने मोजा. साध्या मल्टिमीटरने नको. तो एकाच दिशेचा प्रवाह सोडतो, त्याने इलेक्ट्रोड ध्रुवित होतो, आकडा चुकीचा येतो, आणि माणसाला जोडलेल्या तारांवर असलं काही लावूच नये.

जुना नियम ५ किलोओहमच्या आत. आजचे चांगले अँप्लिफायर १० ते २० सुद्धा सहन करतात, पण शिकताना ५ ची सवय लावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सक्रिय आणि संदर्भ यांच्यातला फरक १ ते ३ किलोओहमपेक्षा जास्त नको. ४ आणि ६ ही जोडी २ आणि १५ पेक्षा बरी. याचं कारण साध्या गुणाकारात दिसतं.

घरातल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगमुळे अंगावर सगळीकडे सारखा दाब असतो, समजा १० मिलीव्होल्ट. अँप्लिफायर दोन टोकांमधला फरक घेतो, त्यामुळे सारखं असलेलं दोन्हीकडून कटायला हवं. पण एका टोकाला ५ किलोओहम आणि दुसऱ्याला २५ असेल, आणि वायरीसकट इनपुटचा अडथळा ३० मेगाओहम धरला, तर दोन्ही वाटांवर दाब वेगवेगळा पडतो. २० भागिले ३०,००० गुणिले १० मिलीव्होल्ट, म्हणजे सुमारे ६.७ मायक्रोव्होल्ट फरक नव्याने जन्माला येतो. तुमच्या एसएमआरएवढाच.

'पण तो ५० हर्ट्झचा, फिल्टर काढेल ना?' काढेल. पण वाईट संपर्क ५० हर्ट्झपुरता वाईट नसतो. त्याच फटीतून वायर हलल्याचे, पंख्याच्या वाऱ्याचे, कूस बदलल्याचे धक्के आत येतात आणि ते ४ ते ८ मध्ये जाऊन बसतात. ५० हर्ट्झ हा ताप आहे, तेवढाच कापणारा नॉच फिल्टर ही तापाची गोळी.

खोली

सत्रात लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर सॉकेटमधूनच काढा. यात सुरक्षितताही आली. डोक्याला जोडलेलं साधन मेन्सपासून विद्युतदृष्ट्या अलग असलंच पाहिजे, आणि स्वतः जोडलेल्या हौशी बोर्डांच्या बाबतीत तर बॅटरीला पर्याय नाही. खुर्ची भिंतीतल्या वायरिंगपासून, एक्स्टेंशन बोर्डापासून आणि चोकवाल्या ट्यूबलाइटपासून मीटरभर लांब घ्या. पंख्याचा जुना रेग्युलेटर आणि लाइटचा डिमर हे नेहमीचे गुन्हेगार. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला आणि लहर एकदम केसाळ दिसायला लागली, तर तो स्वस्त इन्व्हर्टरचा चौकोनी प्रवाह. त्यात ५० बरोबर त्याच्या वरच्या पटीही येतात. थांबा, बंद करा, पुन्हा बघा.

दमट हवेत एक फसवी गोष्ट होते. मुंबईत मे महिन्यात, कोकणात किंवा गोव्यात घामाने त्वचा ओली असते, त्यामुळे इम्पिडन्स झकास येतो, ३ किलोओहम. आणि लहर मात्र संथ लाटांसारखी वरखाली डोलते. घामाच्या ग्रंथींचा स्वतःचा विद्युतदाब असतो आणि तो अतिमंद बदलतो. इथे पुन्हा घासून उपयोग नाही. खोली गार करा, दहा मिनिटं बसवा, मग लावा. पंखा थेट डोक्यावर नको. तो पेस्ट सुकवतो आणि वायरी हलवतो.

कच्ची लहर बघा

आकडे, बक्षीस मिळालं की धावणाऱ्या गाडीचा खेळ, रंगीत पट्ट्या सगळं बंद करा. फक्त कच्ची लहर, दहा सेकंद रुंदीच्या खिडकीत. आता क्रमाने:

१. एक मिनिट डोळे उघडे, शांत. लहर अनियमित, बारीक, मधल्या रेषेभोवती दिसली पाहिजे. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झची ताकद किती ते दाखवणाऱ्या आलेखात) डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरता उतार, ५० ला फारतर एक बारीक काटा.

२. पाच वेळा पापण्या लववा. सीझेडवरही छोटे, गोलसर, एकसारखे उंचवटे येतात. आले नाहीत तर लहर जिवंत आहे का याचीच शंका घ्या.

३. दात आवळा, सोडा. लहर जाड, काळी, ब्रशच्या केसांसारखी होते आणि सोडल्यावर लगेच निवळते. निवळली नाही, तर जबडा आधीपासूनच आवळलेला आहे.

४. ३० सेकंद डोळे मिटा. ८ ते १२ हर्ट्झची अल्फा लय उठते, डोळे उघडताच मावळते. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये पहिला मानवी ईईजी प्रसिद्ध केला, त्यांनाही हीच गोष्ट दिसली होती. सीझेडवर ती फिकट असते, म्हणून शंका आली तर चाचणीपुरता इलेक्ट्रोड मागे, पीझेडला किंवा ओ१ ला लावून बघा. काही माणसांची अल्फा मुळातच अगदी कमी असते. बाकी सगळं ठीक असेल तर तेवढ्यावरून सिग्नल बाद करू नका.

५. एकेक वायर बोटाने हलकेच टिचकवा. जिच्यामुळे लहर उडी मारते ती वायर किंवा तिचा कप ढिला.

चेहऱ्यावरून ओळखायच्या चुका

लहर ठणठणीत सपाट: वायर सुटली, किंवा सक्रिय आणि संदर्भ कुठेतरी एकत्र झाले. एकदम उभा सुळका आणि मग हळूहळू उतार: कपाखाली हवा किंवा सुकलेली पेस्ट, पुन्हा लावा. सेकंदाला एक-सव्वा, घड्याळासारखा नियमित टोकदार ठोका: हृदयाचा ईसीजी कानातून येतोय, दोन्ही कान जोडून संदर्भ घेतला तर बहुधा कमी होतो. तोच ठोका गोलसर असेल तर कप एखाद्या धमनीवर बसला आहे, अर्धा सेंटीमीटर सरकवा. सगळ्याच चॅनेलवर ५० हर्ट्झ माजलाय: आधी ग्राउंड बघा. एकाच चॅनेलवर असेल तर त्याचाच संपर्क.

यातला उभा सुळका सगळ्यात घातक. देवळातल्या घंटेवर काहीही आपटा, घंटा स्वतःच्याच सुरात वाजते. १२ ते १५ हर्ट्झच्या अरुंद फिल्टरचंही तसंच. त्यावर एक धक्का आदळला की तो स्वतः १३-१४ हर्ट्झला झणझणतो, पडद्यावर हुबेहूब एसएमआरचा झुबका उमटतो आणि 'टिंग' वाजतं. फिल्टरमधून आलेली लहर पाहून हे कधीच कळत नाही. म्हणून कच्ची लहर पूर्ण सत्रभर पडद्याच्या कोपऱ्यात असू द्या.

सत्र चालू असताना

उंबरठा आपोआप बदलणारी सोय नवशिक्यांना फार आवडते. सिग्नल बिघडला की हा उंबरठाही त्याच्याबरोबर सरकतो, बक्षिसं ठरलेल्या प्रमाणात मिळत राहतात आणि बिघाड झाकला जातो. वायर टेबलावर पडलेली असली तरी गाडी मजेत धावू शकते. सुरुवातीला उंबरठा हाताने ठेवा. मग काहीतरी गडबड झाली की बक्षीस अचानक बंद होतं किंवा धोधो येतं, आणि तुमची नजर जाते.

कच्ची लहर अधिक-उणे १०० मायक्रोव्होल्टच्या बाहेर गेली की बक्षीस थांबेल अशी अट घाला. सीझेडवर ७० सुद्धा चालेल. २० ते ३० हर्ट्झचा अडसर स्नायूंवर पहारा ठेवतो. वेळेचा चौथा हिस्सा या अटींतच जात असेल तर अटी सैल करण्यापेक्षा थांबून कारण शोधा. बहुतेक वेळा ते मानेत असतं. खुर्चीला डोक्याचा टेकू द्या पण मागचा इलेक्ट्रोड दाबला जाणार नाही असा, पाय जमिनीला टेकलेले, ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात एकमेकांना न लागलेले. पापण्या लववायला मोकळीक द्या. 'लववू नकोस' म्हटलं की तेवढंच डोक्यात राहतं. दर तीन मिनिटांनी थोडी विश्रांती, आणि अर्ध्या वाटेवर इम्पिडन्स पुन्हा मोजा.

कपाळपट्टीसारखी तयार साधनं वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: त्यांचे इलेक्ट्रोड कोरडे असतात आणि बहुतेक कपाळावर व कानामागे बसतात, म्हणजे नेमके पापणी, भुवई आणि जबड्याच्या शेजारी. कपाळ ओल्या कपड्याने पुसून, टिकली किंवा मेकअप काढून, पट्टीखाली एकही केस नाही ना हे पाहून, दोन मिनिटं थांबून सुरुवात करा. बीटाच्या आकड्यांवर तिथे फार विश्वास ठेवू नका.

वही आणि धुणं

दर सत्राची एक ओळ पुरते: 'सीझेड ४, ए१ ५, ए२ ४, मध्यावर सीझेड ७, डोळे मिटून अल्फा दिसली, खोलीत एसी, दहाव्या मिनिटाला जांभया, तीन मिनिटं वगळली.' महिनाभराने एसएमआर वाढलेला दिसला तर आधी हीच पानं उलटा. त्याच काळात २० ते ३० हर्ट्झही चढला असेल, तर वाढ जबड्याची असू शकते.

कप लगेच धुवा. वाळलेली पेस्ट खरवडून काढताना मुलामा जातो. कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रश फिरवा, साध्या पाण्याने विसळा आणि वायरीचं जोडणीचं टोक कोरडं ठेवा. निर्जंतुक करायला बनवणाऱ्याने सांगितलेलंच द्रावण वापरा. वायरी गुंडाळून रबर लावू नका, आतली तार कपाच्या गळ्याशी तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खिळ्याला सरळ लोंबत्या टांगा.